दोन सबनेट जोडताना: जाण्याचा रूट आणि येण्याचा रूट

कॉम्प्युटर एका सबनेटमध्ये (म्हणजे नेटवर्कच्या एका वेगळ्या तुकड्यात), कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर दुसऱ्यात. मध्ये दोन राउटर, केबल लागलेल्या, पोर्टवरचे दिवे लुकलुकतायत, आणि पिंग (समोरचं डिव्हाइस उत्तर देतं का ते बघणारी छोटी कमांड) केलं की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. अशा वेळी नव्या माणसाचा हात हमखास केबलकडे जातो. पण केबल तुटलेली असती तर पोर्टचा दिवाच लागला नसता. बहुतेक वेळा अडचण माहितीची असते: मधल्या कुठल्या तरी राउटरला समोरचं सबनेट कुठे आहे हेच ठाऊक नसतं. ते त्याला हाताने सांगणं म्हणजे स्टॅटिक रूट टाकणं.

आयपी ॲड्रेस बदलता येतो आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरता येतं, एवढं गृहीत धरून पुढचं लिहिलंय. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टाइप करताना अक्षरं आणि आकडे अर्थातच रोमन.

आधी, पॅकेट निघतं कसं

हा भाग गाळून थेट कमांडकडे पळू नका. पुढे जे जे अडतं, त्यातलं निम्मं इथेच सुटतं.

समजा तुमचा कॉम्प्युटर १९२.१६८.१०.२५ आहे, मास्क (पत्त्याचा किती भाग सबनेटचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, म्हणजेच /२४, पहिले २४ बिट सबनेटचे. त्याला १९२.१६८.२०.५० शी बोलायचंय. तो सगळ्यात आधी मास्क लावून बघतो: हा पत्ता माझ्याच सबनेटमधला आहे का? असता तर त्याने थेट एआरपी करून, म्हणजे 'हा आयपी कोणाचा?' अशी लॅनवर हाक देऊन, समोरच्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा पत्ता) विचारला असता. तसा नाही, म्हणून तो पॅकेट आपल्या गेटवेकडे, म्हणजे सबनेटबाहेर नेणाऱ्या राउटरकडे, सोपवतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पॅकेटवरचा आयपी पत्ता शेवटपर्यंत १९२.१६८.२०.५० हाच राहतो. बदलतो तो फक्त बाहेरच्या फ्रेमवरचा मॅक ॲड्रेस, तोही प्रत्येक टप्प्यावर नव्याने.

राउटरकडे आल्यावर पुन्हा तोच प्रश्न, फक्त उत्तर शोधायला त्याच्याकडे राउटिंग टेबल असतं. राउटरच्या स्वतःच्या पोर्टना जी सबनेट जोडलेली आहेत ती टेबलात आपोआप येतात. त्यांच्यासाठी काहीही टाकायचं नसतं. त्यामुळे दोन्ही सबनेट एकाच राउटरच्या दोन पोर्टवर असतील, किंवा एकाच लेयर ३ स्विचवरच्या (राउटिंगही करणाऱ्या स्विचवरच्या) दोन व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवर पाडलेल्या दोन वेगळ्या नेटवर्कमध्ये, असतील, तर स्टॅटिक रूट टाकत बसू नका. तिथे अडत असेल तर फायरवॉल बघा, डिव्हाइसवरचा गेटवे बघा, आणि स्विच असेल तर त्यावर आयपी राउटिंग चालू केलंय का ते बघा. काही स्विचवर ते मुळात बंद असतं.

जी सबनेट राउटरला थेट जोडलेली नाहीत, म्हणजे दुसऱ्या राउटरच्या पलीकडे आहेत, त्यांच्यासाठी रूट लागतो. हा रूट म्हणजे फाट्यावरची पाटी. पाटीवर गावाचं नाव आणि एक बाण असतो; पुढचा सगळा रस्ता काही ती सांगत नाही. पुढच्या फाट्यावर पुढची पाटी हवी. आणि पलीकडून येणाऱ्याला ही पाटी काही कामाची नाही, त्याच्यासाठी उलट दिशेची वेगळी पाटी लागते. स्टॅटिक रूट एकदिशा असतो, हे एवढं डोक्यात बसलं की काम बरंच सोपं होतं.

कागदावर आकृती काढा

हे टाळणारे लोक पुढे तासभर जास्त घालवतात. आपलं उदाहरण असं:

अ राउटर: इंटरनेट याच्याकडे. लॅन १९२.१६८.१०.०/२४, राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१०.१.
ब राउटर: लॅन १९२.१६८.२०.०/२४, स्वतःचा पत्ता १९२.१६८.२०.१. रेकॉर्डर १९२.१६८.२०.५० याच्या मागे.
दोघांना जोडणारी केबल: १०.०.०.०/३०. अ च्या बाजूला १०.०.०.१, ब च्या बाजूला १०.०.०.२.

मधल्या जोडासाठी वेगळं छोटं सबनेट घेतलंय, ते मुद्दाम. /३० मध्ये एकूण ४ पत्ते, त्यातले वापरता येण्यासारखे २, आणि आपल्याला दोनच हवेत. या जोडाला ट्रान्झिट नेटवर्क म्हणतात. ते वेगळं का ठेवायचं याचं कारण पुढे येईल, आणि ते कारण वरवर दिसतं त्यापेक्षा मोठं आहे.

पत्ते निवडताना खासगी पत्त्यांच्या तीन पट्ट्यांतूनच निवडा: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मग एकच तपासणी करा, की कुठलीही दोन सबनेट एकमेकांवर चढत नाहीत ना. दोन्ही राउटर डब्यातून काढले तसेच लावले की बऱ्याचदा दोघांच्याही लॅनवर १९२.१६८.१.०/२४ किंवा १९२.१६८.०.०/२४ असतं. मग रूट कितीही टाका, कॉम्प्युटरला समोरचा पत्ता आपल्याच सबनेटमधला वाटणार आणि तो गेटवेकडे जाणारच नाही. यावर सरळ उपाय एकच, एका बाजूचं सबनेट बदला. कंटाळवाणं आहे, पण नॅटच्या (राउटरने पॅकेटवरचा पत्ता बदलण्याच्या) कसरती करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

रूटमध्ये काय भरायचं

कुठल्याही कंपनीचा राउटर असो, रकाने तेच: डेस्टिनेशन नेटवर्क, मास्क आणि नेक्स्ट हॉप. काही ठिकाणी नेक्स्ट हॉपला नुसतं 'गेटवे' म्हणतात. सोबत मेट्रिक किंवा डिस्टन्स असतं, ते सध्या आहे तसं राहू द्या.

डेस्टिनेशनमध्ये सबनेटचा पत्ता येतो, डिव्हाइसचा नाही. म्हणजे १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.०. इथे १९२.१६८.२०.५० लिहून मास्क /२४ ठेवला तर सिस्को कंपनीचा राउटर 'इनकन्सिस्टंट ॲड्रेस अँड मास्क' म्हणून तोंडावर परत करतो. फक्त त्या एकाच डिव्हाइससाठी रूट हवा असेल तर मास्क /३२, म्हणजे २५५.२५५.२५५.२५५ द्यायचा.

नेक्स्ट हॉपमध्ये सगळे घसरतात. अ राउटरवर रूट टाकताना नेक्स्ट हॉप काय द्याल? पुष्कळ जण १९२.१६८.२०.१ देतात, कारण 'त्या सबनेटचा गेटवे तोच आहे'. चूक. अ राउटरला १९२.१६८.२०.१ कुठे आहे हेच तर माहीत नाहीये! नेक्स्ट हॉप म्हणजे शेजाऱ्याचा आपल्याकडे तोंड असलेला पत्ता, आपल्या एखाद्या पोर्टच्याच सबनेटमधला. इथे तो १०.०.०.२. लिनक्सवर ही चूक केली की 'नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे' असा निरोप येतो. काही राउटर मात्र रूट मुकाट्याने साठवून घेतात आणि वापरत नाहीत, ते जास्त त्रासदायक.

आता अ राउटरवर प्रत्यक्ष टाकायचं कसं:

सिस्कोवर कॉन्फिगरेशन मोडमध्ये जाऊन 'आयपी रूट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२'. नंतर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' करून साठवा, नाहीतर वीज गेली की रूटही गेला.

मायक्रोटिकवर आयपी, मग रूट्स, मग अधिकचं चिन्ह. डेस्टिनेशन ॲड्रेसमध्ये १९२.१६८.२०.०/२४, गेटवेमध्ये १०.०.०.२. रूट यादीत आल्यावर तो ॲक्टिव्ह दाखवतोय का ते बघा.

लिनक्सवर 'आयपी रूट ॲड १९२.१६८.२०.०/२४ व्हाया १०.०.०.२'. हा रीबूटला उडतो. कायमचा हवा असेल तर नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये लिहावा लागतो. लिनक्स मशिनलाच राउटर बनवलं असेल तर 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड' ची किंमत १ आहे का ते आधी पाहा. ती ० असेल तर मशीन स्वतः सगळीकडे पोचेल, दुसऱ्याचं पॅकेट मात्र पुढे ढकलणार नाही.

साध्या ब्रॉडबँड राउटरवर हा पर्याय बहुधा 'ॲडव्हान्स्ड' खाली 'स्टॅटिक राउटिंग' नावाने असतो. इंटरफेस विचारला तर ज्या पोर्टला ब जोडलाय तो निवडा. सगळ्याच मॉडेलमध्ये ही सोय नसते. विकत घेण्याआधी बघून घ्यावं.

काही राउटरवर नेक्स्ट हॉपऐवजी नुसता बाहेर पडायचा इंटरफेस देता येतो. पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर ते चालतं. इथरनेटवर नको. इथरनेटवर तसं केलं की राउटर पलीकडच्या प्रत्येक पत्त्यासाठी थेट एआरपी विचारत सुटतो, आणि समोरच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने एआरपीला उत्तर देणं) चालू असेल तरच उत्तर येतं. नेक्स्ट हॉपचा पत्ता देणं केव्हाही सरळ.

परतीचा रूट

अ वर रूट टाकला. पिंग केलं. अजूनही टाइम आउट. इथे लोक अ वरचा रूट काढून पुन्हा टाकतात, मग राउटर रीस्टार्ट करतात. खरं तर पॅकेट आता रेकॉर्डरपर्यंत पोचलंय. अडलंय ते उत्तर.

उत्तराच्या बाजूने एकदा चालून बघा. रेकॉर्डर १९२.१६८.२०.५०. त्याला १९२.१६८.१०.२५ ला उत्तर द्यायचंय, तो पत्ता त्याच्या सबनेटमधला नाही, म्हणून तो आपल्या गेटवेकडे जाणार. त्याच्यात गेटवे भरलाय का? कॅमेरे, प्रिंटर, हजेरीची मशिनं, पीएलसी (कारखान्यातल्या मशिनांचे कंट्रोलर) यांच्यात हा रकाना सर्रास रिकामा किंवा ०.०.०.० असतो. बसवणाऱ्याने बसवलं तेव्हा सगळं एकाच सबनेटमध्ये होतं आणि गेटवेवाचून काही अडत नव्हतं. आता अडतं. तिथे १९२.१६८.२०.१ भरा. मास्कही त्याच फेरीत बघून घ्या. तो चुकून २५५.२५५.०.० असेल तर रेकॉर्डरला तुमचा कॉम्प्युटर आपल्याच सबनेटमध्ये वाटेल आणि तो गेटवेला विचारणारच नाही.

गेटवे बरोबर असेल तर उत्तर ब राउटरवर येतं. ब ला १९२.१६८.१०.० माहीत आहे का? नाही, तुम्ही सांगितल्याशिवाय नाही. म्हणून ब वर: डेस्टिनेशन १९२.१६८.१०.०/२४, नेक्स्ट हॉप १०.०.०.१.

ब च्या मागच्या डिव्हाइसना इंटरनेटही हवं असेल तर हा रूट वेगळा टाकायचीही गरज नाही. ब वर एकच डिफॉल्ट रूट, ०.०.०.०/० नेक्स्ट हॉप १०.०.०.१, दोन्ही कामं करतो. ब ला जगात जायला वाट एकच आहे, अ मधून. अ वर मात्र असं चालत नाही, कारण अ चा डिफॉल्ट रूट इंटरनेटकडे तोंड करून असतो, त्याला १९२.१६८.२०.० स्पष्टच सांगावं लागतं.

दोन्ही रूट एकाच वेळी टेबलात असले तर कोण जिंकतो? ज्याचा मास्क लांब तो. /२४ हा /० पेक्षा नेमका, म्हणून १९२.१६८.२०.५० साठी /२४ लागू होतो आणि बाकी सगळ्यासाठी डिफॉल्ट. यादीतला क्रम वर-खाली केल्याने यात काहीही फरक पडत नाही.

ट्रान्झिट वेगळं का

आता ते मघाशी राहिलेलं कारण. पुष्कळ ठिकाणी ब राउटर वेगळ्या केबलने अ ला जोडलेला नसतो. तो सरळ अ च्या लॅनच्या स्विचमध्ये लावलेला असतो आणि त्याला १९२.१६८.१०.२ हा पत्ता दिलेला असतो. अ वर रूट टाकला जातो: १९२.१६८.२०.०/२४ नेक्स्ट हॉप १९२.१६८.१०.२. दिसायला सगळं बरोबर आहे. पिंगही होतं. आणि रेकॉर्डरचं वेब पेज उघडायला गेलं की नुसतं चक्र फिरत राहतं.

काय होतंय ते सावकाश बघा. कॉम्प्युटरचं पहिलं टीसीपी पॅकेट, सिन, गेटवेकडे म्हणजे अ कडे जातं. अ ते ब कडे वळवतो, ब रेकॉर्डरला देतो. रेकॉर्डरचं उत्तर, सिन-ॲक, ब कडे येतं. पण ब तर १९२.१६८.१०.० मध्ये स्वतःच बसलाय! तो कॉम्प्युटरला ते थेट देऊन टाकतो, अ ला मध्ये घेतच नाही. आता कॉम्प्युटर तिसरं पॅकेट, ॲक, पुन्हा अ कडून पाठवतो. अ वरची स्टेटफुल फायरवॉल (चालू जोडण्यांचा हिशोब ठेवणारी) म्हणते, मी सिन पाहिला, सिन-ॲक पाहिलाच नाही, हे ॲक कुठून आलं? आणि फेकून देते. पिंगच्या प्रत्येक विनंतीला असा मागचा-पुढचा हिशोब लागत नाही, म्हणून ते निसटतं. 'पिंग होतंय पण पेज उघडत नाही' अशी तक्रार आली की मी आधी जाण्याची आणि येण्याची वाट एकच आहे का ते बघतो. बरेचदा तेच निघतं.

काही वेळा अ राउटर कॉम्प्युटरला आयसीएमपी रीडायरेक्ट पाठवून 'अरे, थेट १९२.१६८.१०.२ कडे जा' असं सुचवतो आणि प्रकरण निभावून जातं. पण रीडायरेक्ट बऱ्याच ठिकाणी सुरक्षेसाठी बंद ठेवलेले असतात. त्याच्या भरवशावर राहू नये.

खरा उपाय ट्रान्झिट: ब ला अ च्या स्वतंत्र पोर्टवर, स्वतंत्र सबनेटमध्ये घ्या. मग उत्तराला अ मधून येण्यावाचून दुसरी वाटच उरत नाही. अ ला मोकळा पोर्ट नसेल, तर दुसरा मार्ग म्हणजे कॉम्प्युटरलाच रूट सांगणं. विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रूट -पी ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.२'. यातला '-पी' विसरलात तर रीस्टार्टनंतर रूट गायब. चार-पाच मशिनं असतील तर हे चालून जातं. जास्त असतील तर डीएचसीपीच्या (डिव्हाइसना पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीच्या) १२१ क्रमांकाच्या ऑप्शनमधून सगळ्यांना एकदम रूट वाटता येतो, अर्थात तुमच्या डीएचसीपी सर्व्हरला तो ऑप्शन येत असेल तर.

ब राउटर नॅट करतोय का

हा आणखी एक ठरलेला घोळ. ब म्हणून साधा ब्रॉडबँड राउटर घेतला आणि त्याचा वॅन (इंटरनेटकडचा) पोर्ट अ ला जोडला, तर तो आपल्या स्वभावाने नॅट करणार आणि वॅनकडून आत येणारं सगळं अडवणार. खूण अशी: ब च्या मागून अ कडच्या प्रिंटरवर छापता येतं, पण अ कडून ब च्या मागचं काहीच उघडत नाही. एका बाजूने चालतंय म्हणून लोक रूटवर संशय घेत बसतात. रूट बरोबर असतो. ब वर नॅट बंद करायचं असतं. सेटिंगमध्ये ते 'गेटवे मोड' ऐवजी 'राउटर मोड' अशा नावाने असू शकतं. सोबत फायरवॉलमध्ये १९२.१६८.१०.० कडून येणारं पॅकेट आत सोडायचं. ज्या राउटरवर नॅट बंदच करता येत नाही, तो या कामाचा नाही.

नॅट बंद केल्यावर उलट बाजूचा प्रश्न उभा राहतो. आता १९२.१६८.२०.५० हा पत्ता तसाच अ पर्यंत येतो, आणि इंटरनेटवर जाताना अ ने त्याचं नॅट करायला हवं. काही राउटर फक्त स्वतःच्या लॅनचंच नॅट करतात. मग दोन्ही सबनेट एकमेकांशी छान बोलतात, पण ब च्या मागे इंटरनेट नाही. अ च्या नॅटच्या नियमात १९२.१६८.२०.०/२४ ची भर घाला.

तपासणी, जवळून लांब

रेकॉर्डरला थेट पिंग करून 'होत नाही' म्हणण्यात काही कळत नाही. एकेक टप्पा घ्या. कॉम्प्युटरवरून आधी १९२.१६८.१०.१, मग १०.०.०.१, मग १०.०.०.२, मग १९२.१६८.२०.१, शेवटी १९२.१६८.२०.५०. जिथे पहिल्यांदा अडेल, दोष त्याच्या आसपास. १०.०.०.१ ला होतंय आणि १०.०.०.२ ला नाही, तर मधली केबल आणि दोन्हीकडचे मास्क ठीक आहेत असं धरून संशय ब च्या परतीच्या रूटवर. २०.१ ला होतंय, २०.५० ला नाही, तर रेकॉर्डरचा गेटवे.

पिंगचं उत्तर शब्दशः वाचा, त्यात निदान लिहिलेलं असतं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आणि ते तुमच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलंय? मग तुमच्याच लॅनवर एआरपीला उत्तर मिळालं नाही; गेटवे चुकीचा भरलाय किंवा बंद आहे. तेच जर एखाद्या राउटरच्या पत्त्यावरून आलं, तर त्या राउटरकडे रूट नाही किंवा शेवटचं डिव्हाइस त्याला सापडत नाही. 'टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट' म्हणजे दोन राउटर पॅकेट एकमेकांकडे टोलवतायत (टीटीएल म्हणजे पॅकेटला अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा). आणि नुसतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे गेलं, पण परत काही आलं नाही: परतीचा रूट, फायरवॉल किंवा रिकामा गेटवे.

यशस्वी उत्तरातला टीटीएलही बोलतो. लिनक्सवर चालणारी डिव्हाइस बहुधा ६४ पासून सुरू करतात, विंडोज १२८ पासून, आणि प्रत्येक राउटर १ कमी करतो. आपल्या आकृतीत मध्ये दोन राउटर आहेत, म्हणजे रेकॉर्डरकडून ६२ यायला हवा. ६३ आला तर उत्तर एकाच राउटरमधून आलंय. कुठला वगळला गेला ते शोधा.

ट्रेसरूट, विंडोजवर ट्रेसर्ट, हेही कामाचं, पण त्यातल्या चांदण्या (उत्तर न आल्याची * ही खूण) चुकीच्या वाचल्या जातात. पहिल्या ओळीला अ दिसला आणि नंतर सगळ्या चांदण्या, तर लोक म्हणतात पॅकेट अ च्या पुढे गेलंच नाही. तसं नसतं. ब ने उत्तर द्यायलाही परतीचा रूट लागतो. तो नसेल तर ब पॅकेट मिळूनही गप्प बसतो. आणि दुसऱ्या ओळीला इंटरनेट कंपनीचा पत्ता दिसला तर निदान पक्कं: अ वरचा स्टॅटिक रूट लागलेलाच नाही, पॅकेट डिफॉल्टने बाहेर चाललंय.

राउटरमध्येच शिरून पिंग करताना एक फसगत होते. अ वरून १९२.१६८.२०.५० ला पिंग केलं तर निघणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.०.०.१ असतो, लॅनचा नाही. १०.०.०.०/३० ब ला आपोआप माहीत आहे, म्हणून उत्तर येतं आणि 'राउटरवरून तर होतंय!' असा गोंधळ सुरू होतो. म्हणून सोर्स द्या: सिस्कोवर 'पिंग १९२.१६८.२०.५० सोर्स १९२.१६८.१०.१'. आता खरी परीक्षा झाली.

समोर विंडोज मशीन असेल तर तिची फायरवॉल लक्षात असू द्या. पिंगला उत्तर देण्याचा तिचा तयार नियम प्रायव्हेट आणि पब्लिक प्रोफाइलमध्ये फक्त स्थानिक सबनेटपुरता असतो. त्याच सबनेटमधून पिंग होतं, दुसऱ्यातून नाही, आणि बिचाऱ्या राउटरला शिव्या बसतात. नियमाच्या स्कोपमध्ये समोरचं सबनेट घाला.

सबनेट वाढली की

उद्या ब च्या मागे १९२.१६८.२१.०, २२.० आणि २३.० ही आली, तर अ वर चार रूट टाकायची गरज नाही. १९२.१६८.२०.०/२२ या एकात चारही बसतात. २० ला ४ ने भाग जातो म्हणून. सुरुवात २१ पासून केली असती तर एका /२२ मध्ये मावली नसती. पत्ते ठरवतानाच हे डोक्यात ठेवलं की पुढे टेबल आटोपशीर राहतं.

पण यात एक खड्डा आहे. २३.० अजून वापरात नाही असं धरा. कोणी १९२.१६८.२३.९ ला पिंग केलं. अ म्हणतो, /२२ मध्ये आहे, ब कडे जा. ब कडे २३.० नाही, म्हणून तो डिफॉल्टने परत अ कडे. अ पुन्हा ब कडे. टीटीएल संपेपर्यंत हेच. ब वर त्याच १९२.१६८.२०.०/२२ साठी ब्लॅकहोल रूट टाका, सिस्कोवर नेक्स्ट हॉपच्या जागी 'नल०' लिहितात. जी /२४ खरोखर आहेत ती लांब मास्कमुळे आधी जिंकतात, उरलेलं ब्लॅकहोलमध्ये जिरतं.

दोन राउटरमध्ये दुसरी लिंक राखीव ठेवायची असेल तर तोच रूट दुसऱ्या नेक्स्ट हॉपने, पण जास्त डिस्टन्स देऊन टाकायचा. सिस्कोवर साध्या स्टॅटिकचा डिस्टन्स १ असतो. राखीवला २०० द्या. याला फ्लोटिंग स्टॅटिक म्हणतात. मेख अशी की मुख्य रूट टेबलातून तेव्हाच हटतो जेव्हा राउटरचा स्वतःचा पोर्ट डाउन होतो. मध्ये एखादा स्विच असेल आणि दोष स्विचच्या पलीकडे झाला, तर आपला दिवा हिरवाच, रूट जागेवरच, आणि राखीव लिंक नुसती बसून राहते. मायक्रोटिकवर गेटवेला पिंग करून तपासायची सोय आहे, सिस्कोवर आयपी एसएलए आणि ट्रॅक आहे. त्यातलं काहीतरी जोडल्याशिवाय राखीव लिंकवर विसंबू नका.

राउटर तीन-चारच्या पुढे गेले, किंवा ते वर्तुळात जोडले गेले, की माझ्या मते स्टॅटिकचा हट्ट सोडून ओएसपीएफ (राउटर आपापसात रूट आपोआप सांगतात ती पद्धत) शिकावं. हाताने ठेवलेलं टेबल एवढ्यात कुठेतरी चुकतंच.

ॲपमध्ये यादी दिसत नाही

सगळं जमलं, पिंग होतंय, वेब पेज उघडतंय, टीटीएल ६२ येतोय. मग कोणीतरी सांगतं, कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये 'सर्च' दाबलं तर रेकॉर्डर दिसत नाही. हा रूटचा दोष नाही. असा शोध ब्रॉडकास्टने (सबनेटमधल्या सगळ्यांना एकदम हाक) किंवा २२४.०.०.२५१ वरच्या एमडीएनएससारख्या मल्टिकास्टने (ठरावीक गटाला हाक) चालतो, आणि ती पॅकेटं राउटर ओलांडत नाहीत. तशीच त्यांची रचना आहे. प्रिंटर आपोआप न सापडणं, टीव्हीवर कास्टचं चिन्ह न दिसणं, हे त्याच प्रकारातलं. ॲपमध्ये किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'आयपीने जोडा' हा पर्याय शोधा आणि १९२.१६८.२०.५० हाताने टाका. ज्या ॲपला हाताने आयपी घेताच येत नाही, त्यासाठी राउटरवर एमडीएनएस रिपीटर चालू करून बघता येतं, पण तेही ते ॲप एमडीएनएस वापरत असेल तरच. रेकॉर्डरला मात्र पत्ता कायमचा ठरवून द्या; हाताने टाकलेला आयपी उद्या डीएचसीपीने बदलला तर पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू होईल.